टचस्क्रीन आणि तिच्यानंतरचे इंटरफेस : नवी वाट की नव्याचे नऊ दिवस?

जानेवारी २००७ मध्ये अ‍ॅपलने आयफोन जगापुढे ठेवला. त्याच्या दर्शनी बाजूवर एकच बटण होते. बाकी सगळी काच. त्या काळी कामकाजी लोकांच्या हातात ब्लॅकबेरी असे आणि तिचा बारीक कीबोर्ड हेच तिचे मोठेपण मानले जाई. पुढच्या दहा वर्षांत कीबोर्डवाले स्मार्टफोन बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या विनाशिकेची सिंगापूरजवळ एका टँकरशी टक्कर झाली आणि दहा नौसैनिक मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१९ मध्ये या अपघाताची जी कारणमीमांसा केली, तिच्यात अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबरच सुकाणू आणि वेग यांच्या टचस्क्रीन-नियंत्रणाची रचनाही होती. त्यानंतर नौदलाने विनाशिकांवर हाताने सरकवायचे वेगनियंत्रक दांडे परत बसवायचे ठरवले.

खिशात जे तंत्र विजयी ठरले, तेच जहाजाच्या नियंत्रणकक्षातून मागे घ्यावे लागले. म्हणून टचस्क्रीन, हातवारे, आवाज, डोळ्यांवरचे पडदे अशा नव्या इंटरफेसविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, संगणक सामान्य माणसाच्या हाती आला तो यांच्यामुळेच. दुसरा म्हणतो, यांतले बरेचसे दुकानातल्या प्रात्यक्षिकात डोळे दिपवणारे आणि रोजच्या वापरात अडचणीचे आहे. या वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या मुख्य भूमिका, मोटारी आणि मतदानयंत्रांचा अनुभव, भारतीय भाषांची बाजू आणि अजून न सुटलेले प्रश्न, असा क्रम इथे घेतला आहे.

जुने तंत्र, उशिराची ओळख

टचस्क्रीन आयफोनपेक्षा चार दशकांनी मोठी आहे. ब्रिटनमध्ये माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना प्रसिद्ध केली. हवाई वाहतूक नियंत्रण हा तिचा उद्देश होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत फ्रँक बेक आणि बेंट स्टुम्पे यांनी नव्या कणत्वरकाच्या नियंत्रणकक्षासाठी पारदर्शक स्पर्शपटल तयार केले. त्यांच्यापुढची अडचण अगदी व्यावहारिक होती. एवढ्या मोठ्या यंत्राला लागणारी बटणे आणि खुंट्या भिंतीभर मांडण्याऐवजी, गरजेनुसार नाव आणि काम बदलणारी थोडीच बटणे पडद्यावर आणता आली तर हवी होती. टचस्क्रीनचे सर्वांत भक्कम समर्थन आजही हेच आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत केंटकी विद्यापीठाचे सॅम्युएल हर्स्ट दाबाने चालणाऱ्या ‘रेझिस्टिव्ह’ पडद्यावर काम करत होते. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो ४’ या शिक्षणप्रणालीत १९७२ पासून अवरक्त किरणांच्या जाळीचे स्पर्शपटल होते. त्यात पडद्याचे १६ गुणिले १६ इतकेच चौकोन ओळखले जात, पण बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर निवडायला ते पुरेसे होते. १९८३ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने ‘एचपी-१५०’ हा टचस्क्रीनचा संगणक विकायला काढला. १९८६ मध्ये ब्यूइक रिव्हिएरा या अमेरिकी मोटारीत रेडिओ आणि वातानुकूलन यांची नियंत्रणे स्पर्शपटलावर आली. दोन्ही प्रयोग टिकले नाहीत. टेबलावरच्या उभ्या पडद्याला वारंवार हात लावताना दंड भरून येतो, या तक्रारीला तज्ज्ञांनी ‘गोरिला आर्म’ असे नाव दिले. मोटारीत साधे काम करण्यासाठी रस्त्यावरची नजर काढावी लागते, ही तक्रारही तेव्हाचीच. १९९० च्या आसपास टचस्क्रीनविषयीचे सर्वसाधारण मत असे होते की ती माहितीकेंद्रे, संग्रहालये आणि दुकानांतले गल्ले यांच्यासाठी ठीक आहे. रोजच्या कामासाठी नाही.

माउसचा प्रवासही सरळ नव्हता. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दिले. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतला आल्टो, मग १९८४ चा मॅकिंटॉश आणि शेवटी विंडोज, असे करत तो घरोघरी पोहोचायला पाव शतक गेले. एंगेलबार्ट यांच्या त्याच टेबलावर डाव्या हातासाठी पाच कळांचे आणखी एक साधन होते. पेटीच्या सुरांसारख्या अनेक कळा एकदम दाबून अक्षरे उमटवायची, अशी त्याची रीत. सरावलेल्याला ते वेगवान वाटे, पण शिकण्याचे कष्ट घ्यायला फारसे कोणी तयार झाले नाही.

एकाच वेळी अनेक बोटे ओळखणाऱ्या ‘मल्टीटच’चे मूळही असेच जुने आहे. टोरँटो विद्यापीठात निमिष मेहता यांनी १९८२ मध्ये अशा यंत्रावर प्रबंध लिहिला. तिथेच बिल बक्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अनेक स्पर्श ओळखणारी पाटी मांडली. पुढे डेलावेअर विद्यापीठातून निघालेली फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी अ‍ॅपलने २००५ मध्ये विकत घेतली. म्हणजे २००७ मध्ये जे अचानक अवतरल्यासारखे वाटले, त्यामागे पंचवीस वर्षांचे काम होते. नवे होते ते जुळून आलेले सुटे भाग: हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारी ‘कपॅसिटिव्ह’ काच, बोटाबरोबर पान सरकवण्याइतका वेगवान प्रोसेसर, खिशात मावणारी बॅटरी आणि मोबाइल इंटरनेट. बक्स्टन यांनी २००८ मध्ये या अनुभवातून एक सूत्र मांडले. मोठ्या वाटणाऱ्या नव्या तंत्राला प्रयोगशाळेपासून मोठा उद्योग होईपर्यंत साधारण वीस वर्षे लागतात, असे ते सूत्र सांगते. ते मान्य केले, तर एखादा इंटरफेस पहिल्या पाच वर्षांत फसला यावरून त्याला नुसती नवलाई ठरवता येत नाही. मात्र वीस वर्षे रेंगाळलेले प्रत्येक तंत्र पुढे यशस्वी होईल, असेही त्यातून निघत नाही.

पहिली भूमिका : मधला पडदा दूर झाला

टचस्क्रीनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा वैचारिक आधार बेन श्नायडरमन यांच्या १९८३ च्या मांडणीत आहे. आज्ञा पाठ करून टंकित करण्यापेक्षा वस्तू डोळ्यांसमोर असावी, तिच्यावर थेट कृती करावी, परिणाम तत्काळ दिसावा आणि चूक मागे घेता यावी, असे त्यांचे म्हणणे. या पद्धतीला त्यांनी ‘डायरेक्ट मॅनिप्युलेशन’ म्हटले. माउसमध्ये हात एकीकडे आणि बाण दुसरीकडे असतो. स्पर्शात हे अंतरही उरत नाही, म्हणून समर्थकांना टचस्क्रीन ही त्या विचाराची स्वाभाविक पुढची पायरी वाटते.

तंत्राचे दोष कायमचे नसतात, हाही या पक्षाचा मुद्दा आहे. बोट जाडे असते, त्यामुळे पडद्यावर नेमकेपणा साधत नाही, असे १९८० च्या दशकात गृहीत धरले जाई. श्नायडरमन यांच्या मेरिलँड विद्यापीठातल्या गटाने १९८८ मध्ये एक साधा बदल सुचवला: बोट टेकताच निवड करण्याऐवजी ते उचलल्यावर निवड धरायची. वापरणाऱ्याला बोट सरकवून जागा दुरुस्त करायला वाव मिळाला आणि चुका घटल्या. काच तीच होती; नियम बदलला होता.

समर्थकांचे सर्वांत प्रभावी उदाहरण अंध वापरकर्त्यांचे आहे. गुळगुळीत काचेचा फोन त्यांच्यासाठी निरुपयोगी ठरणार, अशी भीती साहजिक होती. २००९ मध्ये आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि अँड्रॉइडमध्ये ‘टॉकबॅक’ आले. बोट जिथे फिरेल तिथला मजकूर फोन वाचून दाखवू लागला. पूर्वी ज्यासाठी वेगवेगळी महागडी उपकरणे घ्यावी लागत, अशी बरीच कामे एकाच सर्वसाधारण फोनवर होऊ लागली. मात्र ही सोय फोनपुरती आहे. वॉशिंग मशीन, कार्ड स्वीकारणारी यंत्रे, लिफ्टची स्पर्शपटले यांत बोलकी सोय नसेल, तर तीच काच अंध माणसाला अडवते. इथे जमेची बाजू काचेपेक्षा सॉफ्टवेअरकडे जाते, आणि हे समर्थकही मान्य करतात.

दुसरी भूमिका : काचेखालची चित्रे

टीकाकारांमध्ये याच क्षेत्रातली मोठी नावे आहेत. डॉन नॉर्मन आणि जेकब निल्सन यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या लेखात स्पर्श आणि हातवाऱ्यांच्या इंटरफेसला वापरसुलभतेतले मागचे पाऊल म्हटले. त्यांची तक्रार काचेविषयी कमी आणि शिस्तीविषयी जास्त होती. काय करता येईल हे दिसले पाहिजे, केलेले मागे घेता आले पाहिजे, एकच खूण सगळीकडे एकाच अर्थाने वापरली पाहिजे, हे संगणकशास्त्राने तीस वर्षांत कमावलेले नियम नव्या फोनांनी सोडून दिले, असे त्यांचे निरीक्षण होते. डावीकडे सरकवले की एका अ‍ॅपमध्ये मजकूर पुसला जातो, दुसऱ्यात पुढचे पान येते, आणि हे आधी सांगणारे पडद्यावर काहीच नसते.

इंटरफेस-रचनाकार ब्रेट व्हिक्टर यांनी २०११ मध्ये वेगळ्या बाजूने आक्षेप घेतला. माणसाचा हात वजन, पोत, धार, उष्णता जाणतो. भांडे किती भरले आहे हे न पाहताही सांगतो. त्या हाताला आपण गुळगुळीत काचेखालची चित्रे सरकवण्याचेच काम दिले आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. टचस्क्रीन ही भविष्याची दिशा मानणे म्हणजे कल्पनाशक्ती तोकडी पडणे, असे ते सुचवतात. स्पर्शाला विरोध करणारे हे म्हणणे नाही. खऱ्या अर्थाने स्पर्शाचा इंटरफेस अजून झालेलाच नाही, अशी ही तक्रार आहे.

तिसरा आक्षेप ‘सहज’ या दाव्यावर आहे. मॅकिंटॉश प्रकल्पाचे जनक जेफ रास्किन यांनी १९९४ मध्येच म्हटले होते की ज्याला लोक सहज म्हणतात ते बहुधा परिचित असते. दोन बोटे फाकवून चित्र मोठे करणे आज लहान मुलालाही येते, पण तेही कोणाचे तरी पाहूनच. विंडोज ८ ची कथा या संदर्भात सांगितली जाते. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये संगणक आणि टॅबलेट दोहोंसाठी स्पर्शकेंद्री पडदा आणला आणि वर्षानुवर्षे सवयीचे झालेले ‘स्टार्ट’ बटण काढले. कीबोर्ड-माउसवर काम करणाऱ्यांचा गोंधळ उडाला. पुढच्याच वर्षी बटण परतले आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये जुना मेनूही परतला.

अ‍ॅपलचेही काही प्रयोग याच यादीत येतात. पडद्यावरचा दाब ओळखणारा ‘थ्रीडी टच’ २०१५ मध्ये आला आणि २०१९ च्या फोनांतून गेला. मॅकबुक प्रोच्या कीबोर्डवरची स्पर्शपट्टी ‘टच बार’ २०१६ मध्ये आली. तिने गिळलेली एस्केपची कळ २०१९ मध्ये परत द्यावी लागली आणि २०२१ च्या मोठ्या मॉडेलांत पट्टीच नव्हती. दोन्ही साधने तांत्रिकदृष्ट्या उत्तम होती. पण कुठे जोरात दाबायचे याची खूण पडद्यावर नव्हती, आणि कीबोर्डकडे न पाहता टंकन करणाऱ्याला पट्टीसाठी मान खाली घालावी लागे.

तिसरी भूमिका : काम कोणते, ते आधी सांगा

या दोन पक्षांमध्ये अभ्यासकांचा एक मोठा गट आहे. प्रत्येक साधन कशासाठी तरी उत्तम आणि दुसऱ्या कशासाठी तरी वाईट असते, हे बक्स्टन यांचे प्रतिपादन त्याची भूमिका थोडक्यात सांगते. या गटाच्या मते ‘टचस्क्रीन चांगली की वाईट’ हा प्रश्नच अपुरा आहे. हात कशात गुंतला आहे, नजर कुठे हवी आहे, चूक झाली तर काय होईल, हे कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही. मोटार आणि मतदानयंत्र या दोन प्रकरणांत ही भूमिका नीट तपासता येते.

टेस्लाने २०१२ च्या मॉडेल एसमध्ये १७ इंची पडदा बसवला आणि इतरांनी तोच मार्ग धरला. उत्पादकांची कारणे समजण्यासारखी आहेत. प्रत्येक कामासाठी वेगळा स्विच, त्याचा साचा आणि त्याच्या तारा यांपेक्षा एक पडदा स्वस्त पडतो. गाडी विकल्यावरही सॉफ्टवेअर बदलून सोयी वाढवता येतात. नकाशा, मागचा कॅमेरा यांसाठी पडदा लागतोच. २०२२ मध्ये ‘व्ही बिलॅगारे’ या स्वीडिश नियतकालिकाने ताशी ११० किलोमीटर वेगात गाडी चालवताना चार नेहमीची कामे करायला किती वेळ लागतो, ते मोजले. बटणांची २००५ ची व्होल्वो व्ही७० होती, तिच्यात चारही कामे १० सेकंदांत झाली. सर्वांत मागे पडलेल्या पडदेवाल्या गाडीला ४४.६ सेकंद लागले. त्या वेगाने एवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर कापते. ही एकच चाचणी होती, आणि काही पडदेवाल्या गाड्यांची कामगिरी तिच्यात बरी होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. पण दिशा बदलली आहे. वाहनांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ने २०२६ पासूनच्या निकषांत दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, भोंगा आणि तातडीचा कॉल यांच्यासाठी प्रत्यक्ष नियंत्रणांना महत्त्व दिले आहे. फोक्सवागननेही महत्त्वाची बटणे परत आणण्याचे जाहीर केले आहे. पडदा राहणार, पण न पाहता करायची कामे बटणांकडे परतणार, अशी वाटणी इथे आकार घेते आहे.

मतदानयंत्रांत दोन देशांनी दोन वाटा धरल्या. अमेरिकेत २००२ च्या कायद्यानंतर केंद्राच्या पैशातून अनेक ठिकाणी टचस्क्रीनची यंत्रे घेतली गेली. एका नावाला स्पर्श केला असता दुसरेच निवडले जाते, अशा तक्रारी काही ठिकाणी आल्या. पडद्याचे कॅलिब्रेशन सरकणे हे त्यामागचे एक कारण होते. पुढे बरीच राज्ये कागदी मतपत्रिकांकडे वळली, मात्र त्याचे मुख्य कारण मोजणीची फेरतपासणी करता येणे हे होते. भारताच्या यंत्रात उमेदवाराच्या नावापुढे निळे बटण असते. ते दाबले की लाल दिवा लागतो, लांब बीप ऐकू येतो आणि व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते. बटणांशेजारी ब्रेल खुणा असतात. या यंत्राच्या रचनेत आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रातल्या प्राध्यापकांचा सहभाग होता. या यंत्राविषयीचे राजकीय वाद वेगळे आहेत. इंटरफेस म्हणून पाहिले, तर पाच वर्षांतून एकदा, कोणत्याही प्रशिक्षणाविना, कोणत्याही वयाच्या माणसाने करायच्या कामाला बटण योग्य ठरले, एवढे म्हणता येते.

आपल्या लिपीचा अनुभव

या वादावरचे बहुतेक लेखन इंग्रजीच्या कीबोर्डवर वाढलेल्या समाजातले आहे. तिथे टचस्क्रीनने एक चांगले साधन काढून घेतले, अशी तक्रार होऊ शकते. मराठीत स्थिती उलटी होती. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाणित कळफलक १९८० च्या दशकापासून आहे आणि पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले, पण दुकानात मिळणाऱ्या कीबोर्डवर देवनागरी छापलेली क्वचितच असे. त्यामुळे मराठी टंकन टंकलेखक, छापखाने आणि हौशी मंडळी यांच्यापुरते राहिले. बाकीचे रोमन लिपीत मराठी लिहीत.

काचेवरच्या कळा छापाव्या लागत नाहीत, त्या चितारता येतात. याचा नेमका फायदा ‘स्वरचक्र’ने घेतला. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक रचना केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या या कळफलकावर व्यंजनाला स्पर्श केला की त्याभोवती क, का, कि, की अशा बाराखडीचे चक्र उघडते आणि बोट त्या दिशेला सरकवले की अक्षर उमटते. प्रत्यक्ष बटणांच्या कीबोर्डवर हे शक्यच नव्हते. नंतर बोटाने लिहिलेली देवनागरी ओळखणारी साधने आली आणि २०१७ मध्ये गुगलने मराठीतून बोलून टंकन करण्याची सोय दिली. व्हॉट्सअ‍ॅपवर आज वाहणाऱ्या देवनागरी मजकुराचा मार्ग मोठ्या प्रमाणात याच साधनांतून जातो. भारतीय भाषांपुरते तरी टचस्क्रीनला नवलाई म्हणणे अवघड आहे.

पण याच देशातले दुसरे अनुभवही नोंदले पाहिजेत. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या आरंभी लेखणीने चालणारा ‘सिम्प्युटर’ घडवला. कल्पना काळाच्या पुढे होती, विक्री मात्र अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही. २०११ च्या ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटला दाबाने चालणारा पडदा होता. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढच्या आवृत्तीत तो बदलावा लागला. उलट २०१७ च्या जिओफोनने बटणे ठेवली आणि तरीही मोठ्या संख्येने लोकांना ४जी इंटरनेटवर आणले. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवरच्या स्पर्शपटलाच्या तिकीटयंत्रांपाशी प्रवाशांना तिकीट काढून देण्यासाठी सहायक नेमण्याची पद्धत आहे. त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारी असतात. हा यंत्राच्या रचनेचा दोष, की गर्दीच्या वेळी सराईत हाताने रांग लवकर सरकते याची कबुली, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. आणि दुकानात पैसे जमा झाल्याचे मराठीतून मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स पाहिला, तर यशस्वी इंटरफेसला स्पर्शाची गरज असतेच असे नाही. भाजीवाल्याचे हात ओले आणि नजर तराजूवर असते, आणि त्याला हवी ती एकच खात्री कानावर पडते.

स्पर्शापलीकडचे प्रयोग

हवेतल्या हातवाऱ्यांची परंपरा जुनी आहे. १९८० मध्येच एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी बोट दाखवून आणि बोलून पडद्यावरच्या आकृत्या हलवण्याचा प्रयोग केला होता. २००९ मध्ये आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी प्रणव मिस्त्री यांनी ‘सिक्स्थ सेन्स’ दाखवले तेव्हा भारतात मोठे कुतूहल निर्माण झाले. गळ्यातला छोटा प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांनी भिंत किंवा तळहात यांचाच पडदा होई. बाजारातले उत्पादन मात्र त्यातून उभे राहिले नाही. मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टचे नोव्हेंबर २०१० नंतरच्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले, तरी २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. गुगलच्या पिक्सेल ४ मध्ये हातवारे ओळखणारे छोटे रडार होते. त्याला लागणाऱ्या ६० गिगाहर्ट्‌झ लहरींची परवानगी नसल्याने तो फोन भारतात विकायलाच आला नाही आणि पुढच्या मॉडेलातून रडार वगळले गेले.

यावरून हातवारे फसले असा निष्कर्ष काढणारे आहेत. त्याला उत्तर असे दिले जाते की अशा प्रयोगांचे भाग दुसरीकडे रुजतात. पहिल्या किनेक्टचे खोली मोजण्याचे तंत्र पुरवणारी प्राइमसेन्स ही इस्रायली कंपनी २०१३ मध्ये अ‍ॅपलने घेतली आणि चार वर्षांनी त्याच जातीचे तंत्र फोनच्या चेहरा-ओळखीत आले. किनेक्ट स्वतः रोबोटिक्सच्या प्रयोगशाळांत स्वस्त डोळा म्हणून वापरला गेला.

चष्म्यांची स्थिती अधिक धूसर आहे. गुगल ग्लास २०१३ मध्ये १५०० डॉलरना मिळू लागला. दोन वर्षांत त्याची सर्वसाधारण विक्री थांबली, कारखान्यांसाठीची आवृत्ती मात्र २०२३ पर्यंत चालली. समोरच्याला आपले चित्रण होत असल्याची शंका येणे, हा त्याचा दोष तांत्रिक नव्हता, सामाजिक होता. २०२४ मध्ये ३४९९ डॉलरचा अ‍ॅपल व्हिजन प्रो आला. नजरेने निवड आणि बोटांच्या चिमटीने होकार, ही त्याची रीत अनेक परीक्षकांना कौशल्यपूर्ण वाटली. तो रोज कशासाठी डोळ्यांवर चढवायचा, याचे उत्तर तितके स्पष्ट झाले नाही.

आवाजाच्या बाबतीत एक जुना वाद पुन्हा जिवंत झाला आहे. १९९७ मध्ये श्नायडरमन आणि एमआयटीच्या पॅटी मेस यांच्यात जाहीर चर्चा झाली होती. माणसाने वस्तू स्वतः हाताळाव्यात की त्याच्या वतीने काम करणारा सॉफ्टवेअरचा प्रतिनिधी असावा, असा तिचा विषय. सिरी आणि अलेक्सा आल्यावर मेस यांची बाजू जड झाल्यासारखे वाटले, पण गजर लावणे, गाणे वाजवणे यांपलीकडे बहुतेकांचा वापर गेला नाही. भाषा-प्रारूपांवर चालणाऱ्या नव्या साहाय्यकांनी समजून घेण्याची ताकद वाढवली आहे. तरी पडद्याविना मुख्यतः आवाजावर चालणारी ‘ह्युमेन’ कंपनीची छातीवर लावायची पिन एप्रिल २०२४ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. दहा पर्याय पडद्यावर एका नजरेत दिसतात, ते एकामागून एक ऐकायला वेळ लागतो, ही आवाजाची मर्यादा कितीही हुशार यंत्राने जात नाही. साक्षरता कमी किंवा हात गुंतलेले असतील तिथे मात्र त्याच आवाजाची किंमत वाढते.

मोजायचे कशाने?

एवढ्या प्रयोगांनंतरही निकाल लागत नाही, याचे एक कारण मोजमापात आहे. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दिलेला नियम सांगतो की लक्ष्य जितके दूर आणि लहान, तितका हात तिथे पोहोचायला वेळ जास्त. या नियमाने बटणांचे आकार ठरतात आणि माउस-स्पर्श यांची तुलना होते. पण प्रयोगशाळेतली तुलना बहुधा तासाभराची असते. त्या तासात नवी वस्तू आवडते किंवा बुजवते, आणि दोन्ही परिणाम ओसरणारे असतात. सरावाने वेग कुठवर जातो, थकवा कधी येतो, लोक वर्षभराने ती सोय वापरतात का, हे सांगणारे दीर्घकालीन अभ्यास त्या मानाने थोडे आहेत.

दुसरी अडचण अशी की वेग आणि अचूकता यांबरोबर इतर गोष्टीही मोजाव्या लागतात: काम करताना लक्ष किती खर्च होते, चुकीतून सावरायला काय लागते, शिकण्याचा भार कोणावर पडतो. मोटारीच्या पडद्यावर उत्पादकाचा खर्च वाचतो आणि लक्ष चालकाचे खर्च होते. या दोन खात्यांची बेरीज कशी करायची, यावर एकमत नाही.

तिसरा प्रश्न सवयीचा आहे. आजचा प्रौढ वापरकर्ता बटणांवर वाढला, म्हणून त्याला ती सोपी वाटतात, असे समर्थक म्हणतात. काचेवर वाढलेल्या पिढीचे मोजमाप वेगळे येईल. टीकाकार म्हणतात, न पाहता चाचपडून कळ शोधण्याची हाताची क्षमता पिढीनुसार बदलत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि त्यांतले कोणते किती, हे वेगळे काढणारा प्रयोग सोपा नाही.

आज वाद कुठे आहे

काही बाबतींत मते जुळत आली आहेत. खिशातल्या साधनावर स्पर्श टिकला आणि त्याला नवलाई म्हणणारे आता फारसे उरले नाहीत. नजर दुसरीकडे हवी किंवा चूक जिवावर बेतू शकते, तिथे महत्त्वाची नियंत्रणे हाताला जाणवणारी असावीत, हेही बऱ्याच अंशी मान्य झाले आहे. ‘गिमिक’ हा शिक्का उपकरणापेक्षा त्याच्या चुकीच्या नेमणुकीला अधिक लागू पडतो: फोनसाठीची रीत डेस्कटॉपवर लादली, शोरूमसाठीची चमक स्टिअरिंगशेजारी आणली, की तो बसतो.

लॅपटॉपच्या उभ्या पडद्याला स्पर्श हवा की नको, यावर मात्र कंपन्यांतही फूट आहे. स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्ये हात दुखण्याचे कारण देऊन तो नाकारला, तर विंडोजच्या अनेक लॅपटॉपांवर तो वर्षानुवर्षे आहे. बोटाला खऱ्या बटणाचा भास देणारी काच कंपनांच्या साह्याने कितपत साधेल, हेही अनिश्चित आहे. काय करता येईल हे दिसले पाहिजे आणि केलेले मागे घेता आले पाहिजे, ही नॉर्मन-निल्सन यांची २०१० ची मागणी आवाज आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या बाबतीत तर अधिकच तातडीची झाली आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक प्रश्न या यादीत येतो. काचेने देवनागरीला जागा दिली. आवाज बोलींना देईल का? प्रमाण मराठीवर शिकलेले यंत्र मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्याचे किती समजून घेते आणि न समजल्यास त्याला दुरुस्तीची कोणती वाट ठेवते, हे तपासून पाहता येण्याजोगे आहे. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’सारख्या उपक्रमांतून आणि विद्यापीठांतल्या भाषाविभागांतून अशी तपासणी झाली, तर नव्या इंटरफेसच्या मूल्यमापनाला आजवर मुख्यतः इंग्रजीवर आधारलेल्या पुराव्यापलीकडचा आधार मिळेल.